नाना मिस्त्री घर पाहायला येतात

नाना मिस्त्री भिंत चाटायचे.

वाचताना आपण थबकला असाल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही थबकलो होतो. विकाऊ घरात शिरलं की नाना वहाणा काढायचे, टोपी खिशात कोंबायचे, गुडघ्यांवर बसायचे आणि जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीला जिभेचं टोक लावायचे. मग अंगणात जाऊन थुंकायचे. थुंकून झालं की घरमालकाकडे असं बघायचे, जणू त्यानं यांची म्हैस सोडून नेलीय.

"खारट!"

खारट म्हणजे भिंतीला लोणा लागलाय. खालून ओल चढतेय आणि चार पावसाळ्यांत भिंत पोपडे टाकणार. भिंत गोड लागली असं नाना कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. फार तर "बरी हाय" म्हणायचे, आणि तेही दुखावल्यासारखे.

आमच्या शहापुरात साठ सालाच्या आसपास घर घेणारा माणूस दोन ठिकाणी जायचा. कागद दाखवायला वकिलाकडे आणि घर दाखवायला नानांकडे. वकील कागदातला दोष हळू आवाजात, दार लोटून सांगत. नाना घरातला दोष आख्ख्या आळीला सांगत. तीसेक वर्षं ते कसाऱ्याला रेल्वेच्या चाळींची नि बंगल्यांची सुतारकी करत होते. घाटाखालच्या पावसात लाकूड कसं कुजतं, कुठून कुजतं आणि वरून कसं धडधाकट दिसतं हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. घर पाहायचा मोबदला म्हणजे एक कप चहा. तोही घरमालकाच्या घरचा नाही. "त्याचा चहा प्यायलो तर जीभ बिघडंल," म्हणायचे.

नानांना राग यायचा असं म्हणता येणार नाही. तो त्यांच्याकडे राहायलाच होता. रंगावर राग, गिलाव्यावर राग, नवीन खिळ्यांवर राग, हसतमुख घरमालकांवर तर फारच. लग्नाला गेले तर आधी मांडवाची मेढ हलवून बघत आणि मग वधूपित्याला झापत. एकदा खर्डीला एका घरात खांबाला कान लावून उभे होते. घरमालक बिचारा पाण्याची सोय, शेजारपाजार वगैरे सांगत होता. नाना ओरडले, "गप रे! घर बोलतंय!" आत वाळवी चालली की बारीक करकर ऐकू येते म्हणे. पण त्या घरातल्या म्हातारीनं ते ऐकलं आणि ती लिंबूमिरच्या घेऊन आली. तिनं नानांवरूनच उतरवून टाकल्या.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझी बदली मुरबाडला झाली तेव्हा. मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. जूनपासून मुरबाडच्या शाळेत हजर व्हायचं होतं. आमचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षांत आम्ही चार बिऱ्हाडं बदलली होती. आता मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता. मी ठरवलं, बस झालं भाड्याचं. मुरबाडला गोविंदशेट नावाच्या भाताच्या व्यापाऱ्याचं एक लहानसं घर विकायला होतं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. दारं हिरवी, भिंती पिवळ्या, नुकता रंग दिलेला. मी पाहताक्षणी भाळलो आणि बयाणा देऊन आलो.

मालती ऐकून घेऊन म्हणाली, "नानांनी पाहिलं?"

"बयाणा दिलाय मी."

"नानांनी पाहिल्याशिवाय मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. हिरव्या दारांकडे बघून घर घेतात का कुणी?"

मग आम्ही दोघं नानांकडे गेलो. ते सुतारआळीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी मुरबाड हा शब्द उच्चारला मात्र, नानांच्या हातातला रंधा थांबला.

"मुरबाडला आमी जात नाय."

"नाना, एका दिवसाचं काम. सकाळच्या एस.टी.नं किन्हवलीवरून जाऊ, संध्याकाळी परत."

"कसारा सांगा, उंबरमाळी सांगा, जंगलात पाड्यावर सांगा, येतो. मुरबाडला नाय. उठा!"

"अहो, पण का?"

"का म्हणून विचारणारे तुमी कोण? शाळेतला पोर हाय का मी? उठा म्हनलं ना!"

मलाही राग आला. मी तडक उठलो. मालती मात्र जागची हलली नाही. ती शांतपणे म्हणाली, "नाना, यांचं सोडा. मला त्या घरात बाळंत व्हायचंय. माहेरी कुणी नाही माझं. वरून कौल पडणार नाही एवढं तरी कुणी सांगायला नको का?"

नानांनी रंधा खाली ठेवला. मग पुन्हा उचलून फळीवर चालवायला लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.ची चौकशी करायला स्टँडवर गेलो, तर नाना बाकावर आधीच बसलेले. हातात लोखंडी टोकाची काळी छत्री. मला म्हणाले, "तुमच्यासाठी नाय आलो. बाईंसाठी आलो. वाटेत बोलू नका."

मी किन्हवली येईस्तोवर गप्प बसलो, आणि पुढेही.

मुरबाडला उतरल्यावर ते मान खाली घालून, झपाझप, बाजारातला सरळ रस्ता सोडून आडबाजूनं चालले. मला वाटलं, ऊन टाळताहेत.

गोविंदशेट दारातच हात जोडून उभे होते. हसत होते. तिथंच त्यांचं बिघडलं. नानांनी नमस्काराला उत्तर दिलं नाही, सरळ आत गेले, टोपी खिशात, गुडघे जमिनीवर.

"अहो, हे काय करतायत?" शेट मला म्हणाले.

"खारट!" अंगणातून आवाज आला.

नानांना लिहिता येत नसे. ते सांगत आणि मी लिहायचं, शेटसमोर, उभ्यानं.

"लिवा मास्तर. एक. मधला खांब खालून मेलाय. दोन. मागच्या पाख्याचे वासे सागाचे सांगितलेत, तीन हायेत आंब्याचे. तीन. पन्हाळ शेजाऱ्याच्या भितीवर ओततंय. पावसात तो भांडायला येनार, आनि खरं त्याचंच हाय. चार..."

अकरा दोष निघाले. शेटचं हसू पाचव्यालाच संपलं होतं.

"मास्तर, तुम्ही घर बघायला माणूस आणलात की पंचनाम्याला?"

"खरेदीखताआधी हे सगळं दुरुस्त करून द्यायचं," नाना म्हणाले.

"चार करतो."

"अकरा."

"बरं, सहा. तुमचा मान म्हणून."

"मासळी घेतोस काय रे बाजारात? खांब सहा बोटं कुजलाय, तर चार बोटं बदलून देशील? अकरा!"

शेट लाल झाले. मी मध्ये पडून विनवण्या केल्या. मला लाज वाटत होती. ज्या गावात मास्तर म्हणून जायचं तिथं पहिल्याच दिवशी भांडण. शेवटी शेट "पंधरा दिवसांत करून देतो" म्हणाले, ते ज्या घाईनं म्हणाले त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. मी ओळखलं नाही. मी त्यांचे आभार मानले.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. घर पुन्हा चकचकीत. मधल्या खांबाला तर इतका दाट हिरवा तेलरंग दिला होता की त्यात तोंड दिसावं. शेट म्हणाले, "बघा. नवा खांब."

नानांनी खांबाला प्रदक्षिणा घातली. मग छत्री उलटी धरली आणि टोक खांबाच्या बुडाशी लावून नुसतं दाबलं. लोखंड वीतभर आत गेलं. छत्री खांबात तशीच उभी राहिली. बाहेर ओढली तर टोकाला भुसा, चिखल आणि डांबर.

"म्हातारा माझ्या घराला भोकं पाडतोय!" शेट ओरडले.

"भोक तुझंच हाय. वरून चिखल भरलास, डांबर फासलंस, रंग दिलास! आरे, पोटुशी बाई राहायला येनार हाय या खांबाखाली! लाज नाय तुला?"

"लाज मला? मला गिऱ्हाईकांची कमी नाही! मास्तर, तुमचा बयाणा घेऊन जा दुकानावरून. नाही द्यायचं मला घर!" आणि शेट पायात वहाणा अडकवत निघून गेले.

घर हातचं गेलं होतं. जून तोंडावर आलेला. मालतीला आठवा. शहापूरच्या मालकाला मी खोली सोडतो म्हणून सांगून बसलेलो. माझं डोकं फिरलं. आयुष्यात मोठ्या माणसावर आवाज चढवला नव्हता तो त्या दिवशी चढवला.

"झालं समाधान? घर मला घ्यायचंय की तुम्हाला? एक खांब मी नंतर बदलला असता! तुम्हाला काय, तुम्ही भांडून मोकळे. लोकांची घरं मोडण्यापलीकडे काय केलंत तुम्ही जन्मभर? तुमचं काय जातं यात?"

मला वाटलं, आता छत्री माझ्यावर चालेल. नाना जाऊन ओटीच्या कडेवर बसले. छत्रीच्या टोकाचा चिखल बोटानं निपटत म्हणाले,

"बाजाराच्या पल्याड एक घर हाय. ते मी असंच पाहिलं होतं. दिवसभर. एक वासा वाईट नव्हता. सगळं सागवान. भिती चाटल्या, बऱ्या लागल्या. मंग पोरगी दिली तितं."

मला नानांना मुलगी आहे हेच ठाऊक नव्हतं.

"मग?"

"मंग काय? घर आजून उभं हाय."

त्यांनी बोटाचा चिखल ओटीच्या कडेला पुसला. मग आपणहून म्हणाले, "इंदू नाव. दुसऱ्या वर्षी आली माझ्याकडं. म्हनाली, बा, सासू जेवू देत नाय, हात टाकते, नवरा बगत बसतो. मला परत धाडू नका. मी म्हनलं, येवडं चांगलं घर सोडून कुठं जातेस? बोललो मी असं. घर चांगलं हाय म्हनालो. हाताला धरून एस.टी.त बसवली. ती खिडकीतून बगत पन नव्हती माझ्याकडं." त्यांनी छत्री बाजूला ठेवली. "नऊ वर्सं झाली. ती आली नाय. मी पन गेलो नाय. माणसं बगायला विसरलो, मास्तर. वासे मोजत बसलो."

मग एकदम उठून माझ्यावर खेकसले, "आनि तुमी खांब नंतर बदलनार? बाई बाळंत झाल्यावर? मास्तर हाय का कोन हाय तुमी?"

मी निघालो तो थेट शेटच्या दुकानावर. तिथं चार माणसं बसली होती. एरवी मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नसतं. मी म्हणालो, "शेट, दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला मी स्वतः खांब दाखवीन. तिसरं आलं तर त्यालाही. जूनपासून याच गावात राहणार आहे मी, आणि शाळेत तुमच्या सगळ्यांची मुलं आहेत. खांब बदलून द्या, राहिलेलं करा, मी ठरल्या दिवशी खरेदीखत करतो."

पंचा नेसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कंचा खांब रे गोविंदा?" आणि शेटनी घाईघाईनं "करतो, करतो" म्हटलं.

तिसरी फेरी मे महिन्याच्या अखेरीला. या वेळी नानांनी सुतारांना आपल्यासमोरच कामाला लावलं. टेकू देऊन तुळई उचलली, मेलेला खांब बाहेर काढला. तो अंगणात टाकताच मधोमध फुटला आणि वाळवी सैरावैरा पळाली. शेटनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले. नाना सुतारांना शिव्या घालत होते. थोड्या वेळानं त्यांच्या हातातला किकरा काढून घेतला आणि स्वतःच खाच पाडायला बसले. शिव्या चालूच. दुपारपर्यंत ऐनाच्या लाकडाचा नवा खांब उभा राहिला.

मग नाना म्हणाले, "आता कौलं. पानी आना."

"पाणी कशाला?" शेट म्हणाले.

"पाऊस काय तुझ्या खरेदीखतासाठी आज पडनार हाय? गळतं का नाय कसं कळंल?"

नाना शिडीवरून कौलांशी चढले. एक सुतार विहिरीवरून घागरी भरून आणू लागला, दुसरा वर देऊ लागला. आत माजघरात मी आणि शेट मान वर करून उभे. पहिली घागर ओतली, काही नाही. दुसरी ओतली, काही नाही. शेट मला म्हणाले, "बघा, उगाच..." आणि तिसरी घागर कौलांच्या फटीतून थेट त्यांच्या स्वच्छ सदऱ्यावर आली.

"गळलं काय रे?" वरून आवाज.

"गळलं!" शेट किंचाळले.

"बारा! लिवा मास्तर!"

तोवर बाहेर गलका झाला होता. मे महिन्याची विहीर. तळाला गेलेलं पाणी बायका तासन्‌तास थांबून भरत होत्या. आणि इथं घागरीमागून घागरी छपरावर. सगळा घोळका अंगणात आला. "आमाला प्यायला पानी नाय नि हा कौलांना आंघोळ घालतो!" "उतर रे खाली म्हाताऱ्या!" नाना वरून तितक्याच जोरात, "तुमच्या घरात गळंल तवा या माज्याकडं!"

या घोळक्यातून एक बाई पुढं आली. तिशीतली, उन्हानं रापलेली, कमरेला रिकामी कळशी. शिडीच्या बुडाशी येऊन तिनं कळशी दगडावर आदळली.

"शेटच्या घराला तीन फेऱ्या झाल्या तुमच्या!"

नाना वरच्या पायरीवर तसेच राहिले.

"तीन! हिरीवर बाया बोलतात, एक म्हातारा येतो, भिती चाटतो, सगळ्यांना शिव्या घालतो. पयल्यांदा आयकलं, म्हनलं आज येतील. दुसऱ्यांदा आयकलं, चुलीवर भात ज्यादा टाकला. शेटच्या खांबाची येवडी काळजी! माज्या दाराशी यायला काय झालं होतं, बा?"

सदरा पिळता पिळता शेट थांबले.

नाना हळूहळू खाली आले. शेवटची पायरी त्यांना सापडेना, म्हणून मी पाय धरून टेकवला. ते म्हातारे आहेत हे मला पहिल्यांदाच दिसलं.

"चुकलं माजं, इंदे."

"ते मला म्हाईत हाय! नऊ वर्सं म्हाईत हाय! गेल्या साली सासू गेली, निरोप धाडला, तवा तरी यायचं!"

"कंच्या तोंडानं येनार होतो गो?"

"ह्याच! दुसरं हाय का तुमच्याकडं?"

कुणीतरी फिसकन हसलं. इंदूनं वळून असं पाहिलं की ते हसू तिथंच मेलं. मुलगी बापाचीच होती, त्याबद्दल शंका उरली नाही.

तिनं कळशी उचलून कमरेला लावली. "चला. जेवलात काय?"

"मास्तरांचं कौल..."

"कौल सुतार बसवतील. चला म्हनते ना!"

आणि नाना मिस्त्री, ज्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, ओले हात धोतराला पुसत तिच्या मागं निघाले. या वेळी ते बाजारातल्या सरळ रस्त्यानं गेले.

कौल नीट बसवून घेतलं, शेटशी खरेदीखताचा दिवस पक्का केला. शेट आता इतके मऊ झाले होते की मलाच अवघडल्यासारखं वाटलं. पाचची एस.टी. शेवटची. चार वाजून गेले तरी नाना आले नाहीत, म्हणून मी विचारत विचारत त्यांना बोलवायला गेलो.

घर खरोखरच भक्कम होतं. दार उघडं होतं. आत नाना पाटावर बसले होते आणि इंदू वाढत होती. वाढता वाढता नऊ वर्षांचं सगळं सांगत होती. आवाज चढलेला, मधूनच डाव भांड्यावर आपटत होती. कोपऱ्यात तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. नाना घास तोंडात घेत होते, मान हलवत होते. हो, खरं आहे. हो, तेही खरं आहे.

दाराआडून सहा-सात वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "आई, ह्ये कोन?"

"त्यांनाच इचार."

नानांनी घास ताटात ठेवला. "मी... तुज्या आईचा बा."

मुलगी जवळ आली. त्यांच्या समोरच उकिडवी बसली.

"मंग येवडे दिस कुटं होतास?"

जवळजवळ प्रत्येक घरमालकाला उत्तर देणारा तो माणूस एका चिमुरड्या पोरीपुढं बसून नुसता ताटाकडे बघत होता. इंदूनं बापाकडे पाहिलं. मग डावभर भात त्यांच्या ताटात वाढला, त्यावर आमटी घातली आणि मुलीला हळूच मागं ओढलं.

"जेवू दे गो त्यांना," ती म्हणाली. "लांबून आलेत."

मी हाक न मारता परतलो. पाचच्या एस.टी.नं एकटाच शहापूरला आलो.